हलद कवा?

गाडीचा नंबर कुठे असतो असं विचारलं तर कुणीही नंबरप्लेटकडे बोट दाखवेल. मीही दाखवलं. एजंट फोनवर हसला आणि म्हणाला, तो नाही ताई, चेसिस नंबर. पत्र्यावर कोरलेला असतो, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटेल ती छाप सोमवारी घेऊन यायची. मी म्हटलं, तो नंबर आरसी बुकात छापलेला आहे की. तर म्हणे पुस्तकातला चालत नाही, गाडीच्या अंगावरचाच लागतो. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती, नोंदणी पुन्हा करायची होती, आणि ही गाडी म्हणजे हीच गाडी हे मला एका पेन्सिलीने सिद्ध करायचं होतं.

गाडी बाबांची. जूनमध्ये त्यांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि तेव्हापासून ती आमच्या कात्रपच्या बिल्डिंगखाली धूळ खात उभी होती. आठवड्यातून दोनदा त्यांना थेरपीसाठी अंबरनाथला न्यायचं म्हणजे रिक्षात कोंबायचं, आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांनी डोळे मिटून घ्यायचे. ते बघवत नव्हतं म्हणून मी अडतिसाव्या वर्षी गाडी शिकायला गेले. ऑक्टोबरात लायसन्स हातात पडलं, तर नोव्हेंबरात गाडीची मुदत संपत आलेली. दात आहेत तर चणे नाहीत.

पण खरी चिंता गाडीची नव्हती. बाबांचं बोलणं गेलं होतं. म्हणजे आवाज होता, शब्द नव्हते. पाणी हवं असलं तर ते ‘गेट’ म्हणायचे, आईला ‘डबा’ म्हणून हाक मारायचे, आणि आपण चुकलो हे त्यांना कळायचं, म्हणून चिडायचे. थेरपी देणाऱ्या बाईंनी मला एक वही करायला सांगितली होती. रोज कुठले शब्द आले ते लिहायचे, चूक असोत की बरोबर. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ते जे बोलतील ते बोलू द्या, थांबवू नका, हसू नका. एकदा हिरमुसून गप्प झाले की अशी माणसं पुन्हा तोंड उघडत नाहीत. ही वही मी इमानेइतबारे लिहीत होते. चार-साडेचार महिन्यांत तिची वीस पानंही भरली नव्हती.

तर त्या शनिवारी मी सुट्टी काढली. नंबर कुठे आहे ते आधी इंटरनेटवर शोधलं. एका व्हिडिओत तो ड्रायव्हरच्या सीटखाली होता. मी सीटखालचं मॅट उचकटलं, तिथे दहाचं एक नाणं आणि सुपारीचं खांड सापडलं. दुसऱ्या व्हिडिओत तो पुढच्या काचेच्या कोपऱ्यात होता, आमच्या काचेत नव्हता. शेवटी कॅम्प चारमधल्या मेकॅनिकला फोन लावला. बाबा वर्षानुवर्षं त्याच्याकडेच जायचे. तो कुणाच्या तरी लग्नाला निघाला होता, मागे बँड वाजत होता. म्हणाला, “मॅडम, बॉनेट खोलो, इंजिन के पीछे की दीवार देखो. नाहीतर साइडला बघा. साफ करो पहले, साफ केल्याशिवाय काय दिसणार?” एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

बॉनेट उघडलं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. आत एकच रंग होता, काळा. इंजिन काळं, नळ्या काळ्या, नळ्यांच्या आडून दिसणारी भिंत काळी. तेलावर धूळ, धुळीवर तेल, असे थर वर्षानुवर्षं चढत गेलेले. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघायचा आणि खाली दुसरा पापुद्रा. काचेखालच्या पन्हळीत सुकलेली पानं गच्च बसली होती आणि बॅटरीच्या आडोशाला उंदराने चक्क संसार मांडला होता. चिंध्या, झेंडूचे देठ, दोरा, आणि मूठभर तांदूळ. एका वायरीचं वरचं प्लास्टिक कुरतडून आतली तांब्याची तार उघडी पडली होती.

तांदूळ पाहिले आणि मी मनातल्या मनात बाबांना हात जोडले. दर दसऱ्याला ते गाडीची पूजा करायचे. हार, फुलं, अक्षता, नारळ, सगळं. बॉनेट उघडून इंजिनाचीही करायचे. मोरिवलीच्या शेजारच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेली, तिथे खंडेनवमीला प्रत्येक मशीनला हार पडायचा, तेच त्यांनी घरी आणलं. मी पहिल्या दसऱ्यापासून सांगत आले की खायच्या वस्तू मशीनवर टाकू नका. गाढवापुढे वाचली गीता. या दसऱ्याला मात्र पूजा झाली नव्हती. बाबा सकाळपासून खिडकीतून खाली हात दाखवत होते, आणि बंद गाडीची कसली पूजा म्हणून मी विषय संपवला होता.

बिल्डिंगखाली पाइप लावून गाडी धुवायला बंदी. सेक्रेटरींनी लिफ्टशेजारी पाटीच लावली आहे, आणि स्वतः सकाळभर तिच्याजवळ उभे असतात. इंजिनावर पाइप मारायचाही नसतो म्हणा. मी एक बादली पाणी घेतलं, जुने टूथब्रश, बाबांच्या फाटक्या बनियनच्या चिंध्या, आणि ऑनलाइन मागवलेली ग्रीस काढायची बाटली. पाच मिनिटांत इंजिन नव्यासारखं, असं तिच्यावर लिहिलं होतं. पी हळद आणि हो गोरी. मी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, बॅटरीला आणि फ्यूजच्या डब्याला दुधाच्या पिशव्या बांधल्या आणि फवारा मारला. पाच मिनिटांनी इंजिन ओलं काळं झालं.

साधारण दहा वाजता आई बाबांना खाली घेऊन आली. त्यांना सगळ्यात सामील करून घ्या, असं बाईंनी सांगितलं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांना बसवलं, आई वर स्वयंपाकाला गेली. बाबा माझं घासणं बघत होते. माझी पद्धत त्यांना पसंत नव्हती हे चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी डावा हात उचलला, बॉनेटच्या दिशेने हलवला, आणि म्हणाले, “हलद.”

इथे एक सांगायला हवं. आम्ही मोरिवलीचे, आणि गावच्या बोलीत ‘ळ’ नाही. शाळेची शाला होते, डोळ्याचा डोला, हळदीची हलद. तिसरीत मी वर्गात ‘फला’ म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. फळ्याजवळ उभ्या असलेल्या बाई तर जास्तच हसल्या. तेव्हापासून मी घरीसुद्धा ‘ळ’ लावून बोलते. गावात बापाला अरे-तुरे करतात, मी तेही सोडलं आणि ‘अहो बाबा’ शिकले. बाबा त्यावर कधी काही बोलले नाहीत. ते आपले ‘शाला’ म्हणत राहिले.

आणि दुसरं म्हणजे, हलद हा शब्द आमच्याकडे स्वयंपाकघरातला नाही, मांडवातला आहे. आमच्या लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी. लग्न एका तासात उरकतं. हळदीला गाव लोटतं, बेंजो वाजतो, म्हाताऱ्याही नाचतात. माझ्या सगळ्या चुलत, आते, मामे बहिणींच्या हळदी झाल्या. त्यांच्यातल्या दोघींच्या मुलींच्याही झाल्या. आणि गेली दहा-बारा वर्षं बाबा मला एकच प्रश्न विचारत आले होते. जेवताना, टीव्ही बघताना, मी कॉलेजातून येऊन चप्पल काढत असताना. “तुजी हलद कवा?” मला लग्न करायचं नाही हे मी त्यांना शांतपणे सांगितलं, भांडून सांगितलं, तीन दिवस न बोलून सांगितलं. ते मान डोलवायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचे. झटक्यानंतर घरात जे काही वाईट झालं, त्यात हा प्रश्न बंद झाला एवढं एकच बरं झालं होतं. असं मला वाटायचं, आणि वाटल्याची लाजही वाटायची.

त्यामुळे ‘हलद’ ऐकल्यावर मी ऐकलंच नाही असं केलं. ब्रश घासत राहिले.

“हलद,” बाबा पुन्हा म्हणाले. “हलद, हलद.”

खरं म्हणजे हा शब्द वहीत नव्हता. चार महिन्यांत पहिल्यांदा आलेला, स्पष्ट, चूक नसलेला शब्द. मी ब्रश टाकून वर धावत जाऊन वही आणायला हवी होती. पण माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, पाठीत कळ येत होती, इंजिनाची डावी बाजू संपली होती आणि नंबराचा पत्ता नव्हता. मागच्या भिंतीवर मधोमध एक तांबूस तपकिरी खपली होती, हाताच्या पंजाएवढी. तो गंज आहे हे मला लांबूनच कळलं. गंज घासला तर पत्र्याला भोक पडेल, म्हणून मी ती जागा सोडून आजूबाजूचं घासत होते. बाबांचा हात हलत होता. तो नक्की कुठे दाखवतोय ते कळत नव्हतं; बॉनेटकडे, माझ्याकडे, दोन्ही एकाच दिशेला होतं. सेक्रेटरी पाटीजवळून येऊन पाण्याचा ओघळ गटारापर्यंत गेलाय का ते वाकून बघून गेले.

“हलद,” बाबा म्हणाले. खुर्चीच्या दांडीवर हात आपटून म्हणाले. “हलद!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डोकं बाहेर काढलं ते बॉनेटच्या दांडीवर आपटलं, आणि मग जे बोलले ते सेक्रेटरींनी ऐकलं, पहिल्या मजल्याने ऐकलं.

“गप्प बसा हो बाबा. सगळं विसरलात, माझं नावसुद्धा विसरलात, आणि एवढंच बरं लक्षात राहिलं तुमच्या? एक शब्द बोलू नका आता.”

बाबांचा हात हवेत तसाच राहिला. मग त्यांनी तो दुसऱ्या, लुळ्या हातावर ठेवला. चेहरा रागाचा नव्हता. शाळेत खोडी दुसऱ्याने काढावी आणि मार आपल्याला बसावा, तेव्हा मूल जसं बघतं तसे ते बघत होते. आई जेवायला बोलवायला आली आणि त्यांना वर घेऊन गेली. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ते जमिनीकडे बघत होते.

जेवताना ते बोलले नाहीत. आईने दोनदा विचारलं भात हवा का, त्यांनी मान हलवली. एरवी चूक तर चूक, काहीतरी शब्द यायचा. आईने माझ्याकडे पाहिलं, मी ताटात पाहिलं. बाईंचं ते वाक्य मला आठवत होतं, की अशी माणसं पुन्हा तोंड उघडत नाहीत. मी अर्ध्या ताटावरून उठले आणि खाली गेले, कारण वर बसवत नव्हतं.

आता मला नंबराशीही घेणंदेणं उरलं नव्हतं. स्वतःचा इतका राग आला होता की तो कुठेतरी काढायला हवा होता. मी बाटली उचलली आणि सरळ त्या गंजावर धरली. पडू दे भोक. दोन-तीन फवारे मारले, ब्रश लावला, आणि खपलीचा एक पदर सुटून खालचं पिवळं दिसलं. गंजाखाली पिवळं काय असेल, असा विचार करते आहे तोच ते पिवळं लाल व्हायला लागलं. भिंतीवरून लाल ओघळ खाली आला. माझ्या बोटांवर लागला होता तोही लाल झाला.

मी कामाला आहे त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दर वर्षी जूनमध्ये नवीन मुलांना मी पहिला प्रयोग मांडून देते तो याचाच. हळदीत बुडवून वाळवलेला कागद घ्यायचा, त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकायचा, पिवळा कागद लाल होतो. अल्कली ओळखायची सगळ्यात स्वस्त रीत. पंधरा वर्षं मी ते कागद कापते आहे. माझ्या हातातल्या बाटलीत अल्कलीच होती आणि समोर भिंतीवर हळद होती.

मी बाटली खाली ठेवली. मग हळूहळू ब्रशने ते काढायला लागले. वर तेल आणि धूळ, त्याखाली कुंकू, त्याखाली हळद, पुन्हा कुंकू. चौदा दसऱ्यांचे थर. आणि सगळ्यात खाली, पत्र्यात ठोकलेली अक्षरं आणि आकडे, एका ओळीत, नीट. बाजूच्या पत्र्याचा रंग कधीच उडाला होता. एवढ्या पट्टीवर हळदीचं आणि तेलाचं लिंपण होतं, म्हणून तिला गंजाने शिवलंसुद्धा नव्हतं.

तेव्हा मला कारखाना आठवला. मी सात-आठ वर्षांची असेन, खंडेनवमीला बाबांचं बोट धरून गेले होते. बाबा एकेका मशीनपुढे वाकत होते आणि तिच्या अंगावरच्या लोखंडी पट्टीला हळदकुंकू लावत होते. मी विचारलं होतं, नेहमी तिथेच का लावतोस. “मशीनला कपाल नसतं,” ते म्हणाले होते. “नंबर असतो. हलद कपालाला लावाची.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सकाळी खुर्चीत बसून ते मला सरळ उत्तर देत होते. नंबर हा शब्द सापडत नव्हता, म्हणून नंबरावर जे असतं त्याचं नाव सांगत होते. आणि मी त्यांना गप्प बसवलं.

मी कागद लावला, पेन्सिल घासली. छाप पहिल्याच खेपेला सुरेख उमटली. याचा मला जरासुद्धा आनंद झाला नाही.

वर जाऊन त्यांच्यापुढे कागद धरला. “बाबा, सापडला. तुम्ही सांगत होतात ती हळद सापडली. चुकलं माझं.” त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही बंद होता. रात्रीही तेच. रविवारी आईने मुद्दाम त्यांच्या आवडीचं सुकटीचं कालवण केलं, ते जेवले, पण ‘गेट’ नाही की ‘डबा’ नाही. मी थेरपीच्या बाईंना फोन केला आणि काय झालं ते न लपवता सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, वाट बघा. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रविवारचं वहीचं पान मी तारीख घालून कोरं सोडलं.

सोमवारी सकाळी एजंटकडे जायच्या आधी मी देव्हाऱ्यातली हळदकुंकवाची कोयरी घेतली आणि खाली गेले. धुऊन काढलेला नंबर पत्र्यावर उघडाबोडका दिसत होता. मी त्यावर हळदीचं बोट ओढलं, वर कुंकू लावलं. तांदूळ मात्र टाकले नाहीत. उंदरांशी माझं भांडण कायम आहे. परत वर आले तेव्हा बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि बोट पुढे केलं. त्या बोटाच्या नखात अजून काळं तेल होतं आणि वर पिवळं.

काय बोलायचं ते मी जिन्यात ठरवलं नव्हतं. तीस वर्षांत न बोललेलं आपोआप तोंडात आलं.

“बाबा,” मी म्हणाले, “हलद गावली.”

त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आई दारात कपडे घेऊन उभी होती, तिने ते खाली ठेवले नाहीत.

“तुजी?” बाबांनी विचारलं.

मला हसू आलं की रडू, ते आईला विचारावं लागेल. दहा-बारा वर्षं ज्या प्रश्नाने माझं डोकं फिरायचं, तोच, तसाच, अर्धा. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्यांच्या पांढऱ्या लेंग्याला तेल लागलं.

“गाडीची,” मी म्हणाले. “माजी नाय. पन तू इचार, बाबा. परत इचार.”